गाडीतून येणारे अनोळखी आवाज: आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो ते पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली २०१६ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी ७८,००० किलोमीटर चालली आहे, साताऱ्याहून पुण्याला तिचे नियमित जाणे-येणे असते आणि या पावसाळ्यानंतर तिच्यातून तीन आवाज येऊ लागले आहेत. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे ‘घूं’ असा घुमणारा आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढत जातो. गतिरोधकावर आणि बारीक खड्ड्यांत पुढच्या बाजूला ‘खटखट’ होते. आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर काही क्षण ‘चीं’ असा आवाज येऊन थांबतो. गॅरेजने चारही शॉक ॲब्सॉर्बर आणि चारही टायर बदलायला सांगितले आहेत. हा खर्च खरोखर करायला हवा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की, इतक्यात करू नये. हे तीन आवाज तीन वेगळ्या ठिकाणचे असण्याची शक्यता जास्त आहे, आणि त्यांतले निदान दोन कुठून येतात हे एक रुपयाही खर्च न करता बऱ्यापैकी निश्चित करता येते.

ग्राहक गाडी घेऊन येतो तेव्हा तो तोंडाने आवाज काढून दाखवतो. ते साहजिक आहे, पण त्यावरून फारसे कळत नाही. एकच खराब बेअरिंग (फिरत्या भागाला आधार देणारे, आत गोळ्या असलेले कडे) एका गाडीत घुमते आणि दुसरीत खरखरते; शिवाय पत्र्याच्या सांगाड्यातून आवाज इतका इकडून तिकडे जातो की डाव्या चाकाचा आवाज चालकाला उजवीकडून आल्यासारखा वाटतो. म्हणून आवाज कसा आहे हे मी शेवटी विचारतो. आधी विचारतो ते हे, की तो गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, स्टिअरिंग वळवल्यावर बदलतो का, ब्रेकवर पाय ठेवल्यावर थांबतो का, रस्ता बदलला की बदलतो का, आणि गाडी थंड असताना जास्त येतो की गरम झाल्यावर. एवढ्या प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली तर बहुतेक गाड्यांत संशयित दोन-तीनच उरतात.

यामागे साधे गणित आहे. १६५/८० आर १४ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो, म्हणजे चाक एका किलोमीटरला साधारण ५१५ फेरे घेते आणि ताशी २० किलोमीटर वेगाला सेकंदाला तीनपेक्षा किंचित कमी. टायरच्या खाचेत अडकलेला खडा किंवा त्यात शिरलेला खिळा या वेगाला सेकंदाला जवळजवळ तीनदा ‘टक’ करतो. तो मोजता येतो, आणि वेग निम्मा केला की टकटकही निम्मी होते. इंजिनाचे तसे नाही. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर शांत चालणाऱ्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य दांडा, सेकंदाला साडेबारा वेळा फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने. एखाद्या टॅपेटची (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागाची) टिकटिक म्हणूनच सेकंदाला सहाच्या आसपास ऐकू येते आणि गाडी उभी असली तरी येते. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून आवाज वाढत असेल तर चाके, टायर आणि ॲक्सल यांना संशयितांच्या यादीतून बाहेर काढावे.

आता आपल्या ‘घूं’कडे येतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेग धरा आणि क्लच पूर्ण दाबून धरा. इंजिन हलक्या फेऱ्यांवर येईल आणि गाडी आपल्या ओढीने पुढे जाईल. (या परीक्षेसाठी चावी फिरवून इंजिन बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. तो अजिबात मानू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात आणि चावी आणखी मागे गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते.) क्लच दाबल्यावर घूं लगेच पडला तर इंजिन, त्याचे फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार) किंवा सायलेन्सर पाहावे. तो तसाच राहिला आणि वेग उतरेल तसा हळूहळू उतरत गेला, तर तो टायरचा किंवा व्हील बेअरिंगचा आहे. आपल्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता दिसते.

टायर आणि बेअरिंग यांत गल्लत फार होते, आणि ती झाली की एक तर नवे टायर घालूनही आवाज राहतो किंवा नवे बेअरिंग बसवूनही राहतो. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. काँक्रीटवर तो मोठा आणि करकरीत येतो, नव्या गुळगुळीत डांबरावर एकदम मऊ होतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर काँक्रीट संपून डांबराचा तुकडा लागतो तेव्हा गाडी अचानक शांत झाल्यासारखी वाटते, तेच हे. बेअरिंगला मात्र रस्ता कोणता आहे याच्याशी देणेघेणे नसते; डांबरावर इतर गोंगाट कमी झाल्यामुळे त्याचा घूं उलट जास्त स्पष्ट होतो. बेअरिंगला फरक पडतो तो भाराने. गाडी डाव्या वळणावर असताना वजन उजव्या चाकांवर जाते, उजव्या वळणावर डाव्या चाकांवर. डाव्या लांब वळणावर घूं वाढला आणि उजव्या वळणावर कमी झाला किंवा थांबला, तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचे बेअरिंग गेलेले असते. यासाठी भर रस्त्यात गाडी नागमोडी चालवण्याची गरज नाही. पुण्याहून परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर दोन्ही बाजूंची वळणे मिळतात. काचा बंद, पंखा आणि रेडिओ बंद, आणि शेजारी बसलेल्याने कान द्यायचा. वेग त्या ठिकाणी असतो तेवढाच ठेवावा आणि तेवढ्या वेगाला घूं येतच नसेल, तर ही परीक्षा सपाटीवरच्या लांब वळणासाठी राखून ठेवावी.

घरी करण्याच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, उभ्या गाडीचे स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे टोचत असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडलेले आहे आणि टायर त्यामुळे असमान झिजला आहे. मग टायरच्या परिघावरून हात फिरवा. ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत झिजले आहे, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे दम गेलेला शॉक ॲब्सॉर्बर. इथे गॅरेजच्या सल्ल्याला थोडा न्याय द्यायला हवा. शॉक ॲब्सॉर्बर स्वतः घूं करत नाही, पण तो गेला असेल तर त्याने खराब केलेला टायर करतो. आपल्या टायरवर असे चट्टे असतील तर त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. नसतील तर अजिबात नाही. हात फिरवताना टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर जुने होऊन कडक झाले की नक्षी शिल्लक असूनही टायर गोंगाट करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून घेणे. टायरवाला हे अर्ध्या तासात करतो. आवाज पुढून मागे गेला किंवा त्याचा पोत बदलला तर दोष टायरमध्ये आहे, आणि जसाच्या तसा राहिला तर बेअरिंगमध्ये. मग गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावावा, एका हाताने चाक जोरात फिरवावे आणि दुसरा हात त्याच बाजूच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. चांगल्या बेअरिंगचे चाक फिरताना स्प्रिंगवर काहीच जाणवत नाही. खराब बेअरिंगची बारीक खरखर, कानाला ऐकू येण्याआधी, बोटांना लागते. ही परीक्षा पाहिल्याशिवाय बेअरिंग बदलण्यास होकार देऊ नये, असे माझे मत आहे. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ढिले लागते का, हेही पाहतात. पण चाक ढिले लागेपर्यंत बेअरिंग बरेच पुढे गेलेले असते, त्यामुळे ‘ढिले नाही, म्हणजे बेअरिंग ठीक’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. आपल्या बाबतीत पावसाळ्याचा संबंध मला महत्त्वाचा वाटतो. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली असेल तर बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जाते, ग्रीस खराब होते आणि घूं काही आठवड्यांनी सुरू होतो. तोपर्यंत ते पाणी कुणाला आठवतही नाही.

खटखटीचे पाहू. बारीक, एकापाठोपाठ येणाऱ्या खाचखळग्यांवर कमी वेगात होणारी पोकळ खटखट बहुधा लिंक रॉडची असते. हा पुढच्या सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याशी) जोडणारा छोटा दांडा आहे. त्याच्या दोन्ही टोकांचे छोटे बॉल झिजले की आवाज मोठा येतो, पण भाग स्वस्त आहे आणि बदलायला वेळही थोडा लागतो. ओळखण्याची एक युक्ती अशी की, दोन्ही चाके एकदम चढतील अशा सरळ गतिरोधकावर लिंक रॉडवर ताण फारसा येत नाही, म्हणून आवाज कमी होतो. एकच चाक खड्ड्यात गेले की वाढतो. दोन्ही चाके एकदम चढतानाही ‘धप्प’ असा जड आवाज येत असेल, तर शॉक ॲब्सॉर्बर, त्याचे वरचे माउंटिंग किंवा लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, पाहावेत. ब्रेक मारताना आणि सोडताना प्रत्येकी एकदाच ‘टक’ होत असेल तर लोअर आर्मच्या बुशावर संशय जास्त. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टंग’ असा आवाज येणे हे वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगचे लक्षण आहे.

या सगळ्यांत लोअर आर्म चाकाच्या बाजूला जोडणारा बॉल जॉइंट वेगळा काढतो, कारण तो तुटला तर चाक आडवे पडते आणि गाडी ताब्यात राहत नाही. खटखट कुठलीही असो, गाडी जॅकवर असतानाच लोअर आर्मखाली पहार घालून बॉल जॉइंटमध्ये ढिलाई आहे का ते तपासून घ्यावे. बाकीच्या खटखटीला पुढच्या पगारापर्यंत थांबता येते, या ढिलाईला थांबता येत नाही. शॉक ॲब्सॉर्बरबद्दल एवढेच, की त्याच्या नळीवर तेल ओघळलेले दिसले किंवा गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती दोन-तीनदा झुलत राहिली, तर तो बदलावा आणि एका ॲक्सलवरची जोडी बदलावी. पुढचे गेले म्हणून मागचेही बदलावेत, असे नाही.

सकाळचा ‘चीं’ हा इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या बेल्टचा असावा. रात्रीच्या दमटपणामुळे बेल्टवर ओल येते, आणि सुरू होताच बॅटरी भरून काढण्यासाठी आल्टरनेटर (बेल्टवर फिरून वीज तयार करणारा भाग) जोर मागतो. तेवढा वेळ सैल किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला बेल्ट घसरतो. गाडी सुरू होऊन आवाज येत असताना बेल्टच्या खोबणीच्या बाजूवर थोडे पाणी शिंपडून पाहतात. हात, ओढणी, बाह्या फिरत्या भागांपासून लांब ठेवून आणि बाटलीतूनच हे करावे. पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी पडतो आहे. क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या (बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाके) एका रेषेत नाहीत किंवा बेल्ट झिजला आहे. बेल्टला लावण्याचा स्प्रे बाजारात मिळतो, तो मी कधीच सुचवत नाही. आवाज दबतो, कारण तसेच राहते आणि चिकट थरावर धूळ बसते. पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर एखाद्या पुलीचे किंवा आल्टरनेटरचे बेअरिंग तपासावे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या भागाच्या न फिरणाऱ्या जागी टेकवून मूठ कानाशी धरली की फरक स्पष्ट ऐकू येतो.

आपल्या गाडीत आज नसलेले, पण या वयाच्या गाडीत लवकरच येऊ शकणारे काही आवाज सांगून ठेवतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, ॲक्सिलरेटर देऊन गाडी हळू फिरवताना ‘कटकटकट’ आले तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजला आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसेल, कारण रबरी बूट फाटून आत चिखल गेलेला असतो. बूट फाटल्याचे आवाज येण्यापूर्वी दिसले, तर नुसता बूट आणि नवे ग्रीस एवढ्यावर भागते.

ब्रेकचे आवाज ऐकून चिंता करण्याआधी कालची रात्र आठवावी. पावसात किंवा धुऊन उभ्या केलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पहिल्या काही ब्रेकना ‘खर्रर’ होते. ते आपोआप जाते. न थांबणारी बारीक किंकाळी मात्र ब्रेक पॅडवरच्या पत्र्याच्या सूचक पट्टीची असते. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि ३ मिलिमीटरच्या खाली गेला की बदलावा. तिकडे दुर्लक्ष झाले, तर पुढचा आवाज लोखंडावर लोखंड घासल्याचा येतो, आणि तोवर डिस्कही गेलेली असते. ब्रेक न मारताही चाकातून भयंकर कर्कश खरखर अचानक सुरू झाली, विशेषतः खडीच्या रस्त्यावरून आल्यावर, तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत खडा अडकलेला असू शकतो. थोडी गाडी मागे घेतल्यावर तो पुष्कळदा निघून पडतो.

टायर काढून बसवल्यानंतर दोन-चार दिवसांत चाकातून ‘खडखड’ आणि थरथर सुरू झाली, तर गाडी तिथेच कडेला घेऊन नट तपासावेत. पंक्चरवाल्याने घाईत ढिले ठेवलेले नट ही कल्पित गोष्ट नाही. चाक काढल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून घेण्याची सवय चांगली.

इंजिनाच्या आवाजांत दोन फरक ओळखता आले पाहिजेत. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर इंजिनाला रेटल्यावर काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखा आवाज येतो, तो इंधन अवेळी पेटल्याचा. खालचा गिअर टाकला की तो थांबतो, आणि तरीही थांबला नाही तर स्पार्क प्लग, साठलेला कार्बन आणि पेट्रोल यांच्याकडे पाहावे. खोलवरून येणारा जड ‘ठकठक’ मात्र वेगळा: ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढतो, इंजिन गरम झाल्यावर जास्त येतो, आणि सोबत तेलाचा लाल दिवा लागला असेल तर कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग जाते आहे असे समजून इंजिन त्याच जागी बंद करावे. गॅरेज ‘पाचच किलोमीटरवर’ असले तरी गाडी ओढूनच न्यावी, कारण त्या पाच किलोमीटरांत क्रँकशाफ्ट जातो. सकाळी सुरू करताना एक-दोन सेकंद खडखडून शांत होणारी टायमिंग चेन या दोन्हींत मोडत नाही. तिच्यासाठी आधी डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहावी. क्लच दाबल्यावरच येणारा आवाज क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचा असतो, तर न्यूट्रलमध्ये येणारा आणि क्लच दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा. चावी फिरवल्यावर मागे दोन सेकंद होणारी पेट्रोल पंपाची गुणगुण, बंद केल्यावर तापलेल्या सायलेन्सरची टिकटिक, सीएनजी किटच्या इंजेक्टरांची टकटक आणि बंद गाडीचा फिरत राहिलेला रेडिएटरचा पंखा, यांसाठी कुणालाही पैसे देऊ नयेत.

आपण पाठवू म्हणता ते मोबाइलवरचे रेकॉर्डिंग मला फारसे उपयोगी पडणार नाही. मोबाइल बोलणे टिपण्यासाठी केलेला असतो. घूं सारखा सलग, खालच्या पट्टीतला आवाज तो गोंगाट समजून दाबतो. त्याऐवजी कागदावर लिहून न्यावे: किती वेगाला सुरू होतो, कोणत्या वळणावर वाढतो, क्लच दाबल्यावर काय होते. आणि गाडी गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. मेकॅनिकला शेजारी बसवून ट्रायल घ्यावी, आवाज आला की बोट दाखवून ‘हाच’ म्हणावे. बहुतेक वाद या ट्रायलच्या अभावातून होतात.

आपल्या गाडीसाठी क्रम असा ठेवावा. आधी टायरवर हात फिरवून पाहावे आणि चाकांची अदलाबदल करावी. मग जॅकवर बेअरिंग, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट एकाच वेळी तपासून घ्यावेत, बेल्टही त्याच दिवशी पाहावा. बेअरिंग बदलायचे ठरले, तर ते कसे बसवतात ते विचारा. बेअरिंग प्रेसवर बसवावे आणि दाब बाहेरच्या कड्यावर यावा. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या आतल्या वाटेवर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि ते नवे असूनही थोड्याच दिवसांत घुमू लागते. ॲक्सलचा नट नवा घालावा आणि तो ठरलेल्या टॉर्कला (जोराला) आवळेपर्यंत गाडीचे वजन चाकावर येऊ देऊ नये. पुष्कळ गाड्यांत एबीएसच्या (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरसाठीची चुंबकीय कडा बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. बेअरिंग उलटे बसले तर गाडी शांत होते, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीची ट्रायल ताशी ६० किलोमीटरपर्यंत न्यावी, आणि दिवा लागलेला दिसला तर ‘सेन्सर बदलावा लागेल’ हे न ऐकता बेअरिंग पुन्हा उघडायला सांगावे.